इंजिनाचं काम केल्यावरचे पहिले पाचशे किलोमीटर

आमच्या गटाने भाजी बाजारात न्यायला जुनी पिकअप घेतली आणि तिचं इंजिन खोलून काम करून घेतलं. पिस्टन नवे, रिंगा नव्या. गाडी घरी आली, तशी आम्ही तिला बाळंतिणीसारखी जपली. दोन दिवस अंगणात नुसती चालू ठेवली, मग पंधरा दिवस गोगलगायीसारखी चालवली. महिन्याभरात मागून निळा धूर! इंजिन पुन्हा खोलावं लागलं, गटाची शिल्लक त्यात गेली. चूक गॅरेजवाल्याची नव्हती, आमची होती.

माझं माहेर घाटकोपरचं. वडील काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी चालवायचे. ही गाडी जवळच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. कारखान्यातून नवी गाडी येणं थांबून वीसेक वर्षं झाली, तरी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. इंजिनाचं काम झालं की वडील पहाटे, रहदारी नसताना, पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंड ओलांडून ठाण्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. मला ती त्यांची हौस वाटायची. आमच्या पिकअपचं सांगितलं तेव्हा फोनवर म्हणाले, "उभ्या गाडीत रिंग बसणार कशी, बाई?"

रिंग बसणं म्हणजे काय, ते जात्यावरून समजतं. जातं गुळगुळीत झालं की आपण त्याला टाकी लावून घेतो. इंजिनाच्या सिलिंडरलाही आतून तशाच बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात. नवी रिंग त्यांवर घासून सिलिंडरच्या मापाची होते, आणि रेघांत थोडं ऑइलही धरून राहतं. रिंग भिंतीवर दाबते कोण? जळलेल्या इंधनाचा वायू. उभ्या गाडीत हा दाब कमी असतो. रिंग नीट घासत नाही, ऑइल वर चढून जळतं, भिंतीवर काचेसारखा थर धरतो आणि रेघा बुजतात. मग कितीही चालवा, रिंग बसत नाही. उलट पहिल्याच दिवशी माल ठासून घाटात घातली, तर घासण्याची उष्णता इतकी वाढते की पिस्टन जाम होतो.

म्हणून पहिले पाचशे किलोमीटर गाडी अधलीमधली चालवायची. मेकॅनिकने वेगळा आकडा सांगितला तर त्याचा धरा, इंजिन त्याने पाहिलंय. सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझला की थोड्याच वेळात रस्त्याला लागा. माल निम्मा. वेग एकसारखा ठेवू नका. थोडा वाढवा, मग ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी मंद होऊ द्या, पुन्हा वाढवा. वरच्या गिअरमध्ये रडत चढू देऊ नका. रोज सकाळी ऑइलची पट्टी आणि रेडिएटरचं पाणी बघायचं. हे काम ड्रायव्हरवर सोडू नका, गटातल्या दोघींनी वाटून घ्या.

आणि पहिलं ऑइल लवकर बदला, पाचशेच्या आतच. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कचकचतं, ते आपण खात नाही. या ऑइलमध्येही घासलेल्या धातूची कचकच असते. फिल्टरही त्याच वेळी बदला. ते काढताना तिथे उभ्या राहा आणि उन्हात धरून बघा. बारीक चमकी दिसली तर घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.