युजर स्टोरी : गरज नेमकी मांडण्याची रीत

सॉफ्टवेअर कोणाला आणि कशासाठी हवे आहे, याचा शोध घेणे हे बिझनेस अ‍ॅनालिसिसचे मूळ काम असून, अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर घडवण्याच्या, पद्धतीत ही गरज ‘युजर स्टोरी’त, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूने लिहिलेल्या एक-दोन वाक्यांत, मांडली जाते, उदाहरणार्थ, ‘प्रवासी म्हणून मला तिकीट रद्द करण्यापूर्वीच परताव्याची रक्कम दिसावी, म्हणजे निर्णय घेणे सोपे जाईल.’

अजाइल पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये युजर स्टोरीची कार्ड, संवाद आणि खातरजमा ही तीन अंगे सांगितली. कार्डावरचे वाक्य हे केवळ चर्चेचे निमंत्रण असते, खरा तपशील वापरकर्ते आणि विकासक यांच्या बोलण्यातून उलगडतो, आणि ‘कापली जाणारी रक्कम वेगळी दाखवावी’ यांसारखे स्वीकृतीचे निकष, म्हणजे काम पूर्ण झाले हे ठरवण्याच्या अटी, त्यातूनच पक्के होतात. म्हणूनच संवाद टाळून नुसती कार्डे भरणाऱ्या संघाला या पद्धतीचा खरा लाभ मिळत नाही.