गाईच्या पोटातले भाडेकरू

रवंथ करणाऱ्या गाईजवळ कधी निवांत उभे राहिला आहात? थोड्या थोड्या वेळानं तिच्या गळ्यापाशी काहीतरी सरकतं आणि ती ढेकर देते. आवाज फारसा होत नाही, म्हणून आपल्या ध्यानातही येत नाही. पण या ढेकरांमधून एक मोठी गाय दिवसभरात शंभर लीटरहून जास्त मिथेन वायू बाहेर सोडते. मिथेन म्हणजे चक्क जळणारा वायू! शहरात नळीनं घरोघरी येणारा गॅस असो की रिक्षात भरतात तो सीएनजी, दोन्हींत मुख्यतः मिथेनच असतो.

हा वायू गाय स्वतः बनवत नाही. तिच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ते बनवतात. त्यातला मिथेन बनवणारा गट फारच अजब आहे. आपल्याला प्राणवायू नसेल तर आपण जगू शकत नाही. यांचं नेमकं उलट. प्राणवायू लागला की यांचं काम बंद! असं का? कारण यांचं घराणं फार जुनं आहे. पृथ्वीच्या हवेत जेव्हा प्राणवायू जवळजवळ नव्हताच, तेव्हापासूनचं. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठायला लागला आणि या मंडळींना उघड्यावर राहणं अशक्य झालं. मग ती शिरली चिखलात, दलदलीत, समुद्राच्या तळाशी आणि पुढे गाईगुरं आली तेव्हा त्यांच्या पोटातही. शास्त्रज्ञ बरीच वर्षं त्यांना जीवाणूच समजत होते. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं, की हे जीवाणू नव्हेतच, हा जीवसृष्टीचा वेगळाच फाटा आहे. त्याचं नाव आर्किया.

दलदलीतून येणारा वायू पेट घेतो, हे मात्र त्याच्याही २०० वर्षं आधी इटलीतल्या एका माणसानं पाहिलं होतं. अलेस्सांद्रो व्होल्टा. हो, विजेची बॅटरी बनवणारा तोच! १७७६ साली तो माज्जोरे नावाच्या सरोवराच्या काठी गेला, काठीनं तळचा गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले.

आता खरी गंमत. या सूक्ष्मजीवांना हवाबंद घर आणि रोजचं जेवण दिलं, तर ते आपल्यासाठी गॅस बनवतील का? बनवतात की! गोबर गॅस म्हणजे दुसरं काय आहे?

जमिनीत विटांची एक विहिरीसारखी टाकी असते. तिच्यात रोज शेण आणि तेवढंच पाणी कालवून ओततात. टाकीत हवा शिरत नाही. आत आधी साधे जीवाणू कामाला लागतात. शेणातले मोठे मोठे रेणू तोडून ते त्यांची आम्लं बनवतात. मग आपले आर्किया त्यांतून मिथेन तयार करतात. पहिल्या मंडळींचं उरलेलं हे दुसऱ्या मंडळींचं ताट. जुन्या पद्धतीच्या टाकीवर लोखंडी पिंप उपडं घातलेलं असतं. गॅस साठला की ते आपोआप वर उचललं जातं आणि स्वयंपाक झाला की खाली बसतं. पिंपाकडे नुसतं बघून घरातल्यांना कळतं, आज भाकरी आणि भाजी दोन्ही होणार की नाही! नळीतून आलेल्या वायूची ज्योत निळी असते, भांडी काळी होत नाहीत, चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरत नाहीत. आणि टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला थेट शेतात जातो. शेणातला नत्र त्यात शिल्लकच असतो, त्यामुळे खत फुकट जात नाही.

एक किलो शेणातून साधारण ४० लीटर गॅस मिळतो. चारपाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरची टाकी पुरते, आणि तिला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. म्हणजे गोठ्यात चारपाच जनावरं हवीत. मग ज्यांच्याकडे एकही गाय नाही त्यांनी काय करायचं?

पुण्यातले शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी इथेच एक फार नेमका विचार केला. शेण म्हणजे काय? गाईनं आणि तिच्या पोटातल्या भाडेकरूंनी सगळा सकस भाग खाऊन झाल्यावर उरलेलं. मग त्या सूक्ष्मजीवांना उरलंसुरलं का द्यायचं? सरळ जेवणच द्या! शिळा भात, पिठूळ पदार्थ, खराब झालेली फळं. कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनं त्यासाठी प्लास्टिकच्या दोन टाक्यांचं छोटं संयंत्र बनवलं. ते गच्चीतसुद्धा मावतं, आणि किलोला किलो पाहिलं तर शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस देतं. २००६ साली या कामाला अ‍ॅशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला हा विचार फार आवडतो, कारण त्यात नवं यंत्र कमी आणि नीट केलेला प्रश्न जास्त आहे.

शेण झालं, शिळं अन्न झालं. गॅसची आणखी एक वाट निघाली ती देहूत, तुकाराम महाराजांच्या देहूत. तिथे १९६०च्या सुमारास डॉ. सुहास मापुस्कर नावाचे तरुण डॉक्टर सरकारी दवाखान्यात आले. पेशंट यायचे ते जुलाबाचे, जंतांचे. औषध घेऊन बरे व्हायचे, पुन्हा आजारी पडायचे. गावात शौचालयंच नव्हती, घाण उघड्यावर पडायची. मापुस्करांनी गोळ्या देता देता शौचालयं बांधून घ्यायला सुरुवात केली. कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रम काढून अप्पासाहेब पटवर्धन याच कामात आयुष्य घालवत होते, त्यांच्याकडून मापुस्करांनी पुष्कळ घेतलं. पुढे त्यांनी शौचालयंच गॅसच्या टाकीला जोडली. नाक मुरडलंत ना? पण ज्योतीला वास नसतो, आणि टाकीच्या आत बंद राहिलेली घाण ना विहिरीत जाते, ना माश्यांच्या पायांना लागते. हे काम डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं केलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र मोठ्यांना आवर्जून सांगा. टाकी बांधून दिली म्हणजे काम झालं, असं नाही. ती दुभत्या जनावरासारखी असते, रोज वेळेवर चारा लागतो. आठवडाभर काही घातलं नाही की गॅस आटतो, एकदम भाराभर कोंबलं की आतलं सगळं आंबट होऊन काम ठप्प होतं. थंडीत सूक्ष्मजीव मंदावतात, तेव्हा कोमट पाणी घालावं लागतं. कितीतरी गावांत टाक्या बंद पडल्या त्या अशा हयगयीमुळे.

तुम्हाला हे काम डोळ्यांनी बघायचंय? प्लास्टिकची एक लीटरची बाटली घ्या (काचेची मुळीच नको). ताजं शेण आणि पाणी सारखं घेऊन ती अर्ध्याहून थोडी जास्त भरा. तोंडावर फुगा घट्ट बांधा आणि बाटली घराबाहेर उबदार जागी ठेवा. पहिल्या काही दिवसांत फुगा थोडा फुगेल, पण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असेल; आर्कियांची संख्या फार सावकाश वाढते. दोनतीन आठवडे धीर धरा. फुग्याजवळ काडी किंवा दिवा कोणीही न्यायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. रोज फुग्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून मापा आणि वहीत लिहा. ढगाळ दिवसाचा आकडा आणि कडक उन्हाच्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा.