डिस्क खरंच मंद आहे का?

डेटाबेस हळू चालू लागला की कुणीतरी म्हणतंच, "डिस्क मंद झालीय, नवीन घेऊया." कधीकधी ते खरंही असतं. पण बरेचदा महागडी डिस्क बसवूनही काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. कारण "डिस्क मंद आहे" हे तापासारखं लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. तो आजार कसा ओळखायचा, ते पाहू.

आधी थोडं गणित

साधी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी हेडला योग्य जागी सरकायला आणखी 8 ते 9 मिलिसेकंद जातात. एकूण झाले साधारण 12.5 मिलिसेकंद. म्हणजे माहिती इकडेतिकडे विखुरलेली असेल, तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम 80 मागण्या पुऱ्या करते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे एक वाचन सुमारे 0.1 मिलिसेकंदात होतं आणि अनेक वाचनं एकाच वेळी चालतात.

आता बँकेतली खिडकी आठवा. खिडकीवरचा माणूस तोच, त्याचा वेगही तोच, पण गर्दी वाढली की तुमचा वेळ वाढतो. डिस्कचंही तसंच आहे. मागण्या कधीही, कशाही येतात असं धरलं, तर रांगेच्या गणितानुसार वर सांगितलेल्या डिस्कवर सेकंदाला 40 मागण्या आल्यास प्रत्येकीला सरासरी 25 मिलिसेकंद लागतील. 72 आल्या तर 125, आणि 76 आल्या तर 250! शेवटच्या टप्प्यात मागण्या फक्त चारने वाढल्या, पण वेळ दुप्पट झाला. कालपर्यंत ठीक चालणारा सर्व्हर आज अचानक का गुदमरतो, याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

दोन आकडे एकत्र वाचा

पहिला प्रश्न असा की डेटाबेस डिस्कसाठीच थांबलाय का? तो एखाद्या लॉकसाठीही थांबलेला असू शकतो. बहुतेक डेटाबेस हे सांगतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रतीक्षांची यादी मिळते. पोस्टग्रेसमध्ये वाचन-लेखनाचा वेळ मोजण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, म्हणून आधी चालू करावी लागते.

थांबणं डिस्कसाठीच असेल, तर लिनक्सवर 'आयओस्टॅट' ही आज्ञा चालवा. डिस्क किती टक्के वेळ कामात होती, या रकान्याकडे सगळ्यांची नजर आधी जाते. पण एसएसडी एकावेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे तिथे 100 टक्के दिसलं तरी क्षमता संपली असं होत नाही. त्याऐवजी दोन आकडे शेजारी ठेवा: सेकंदाला किती मागण्या आल्या, आणि प्रत्येकीला किती वेळ लागला. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे डिस्कपाशी सरासरी किती मागण्या आहेत. हा नियम जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केला. वरच्या उदाहरणात 72 गुणिले 0.125 सेकंद, म्हणजे 9 मागण्या.

मागण्याही जास्त आणि वेळही जास्त असेल, तर डिस्कवर गर्दी आहे. मग गर्दी कोण करतंय ते शोधा. अनेकदा इंडेक्स नसलेली एखादी क्वेरी दहा ओळींसाठी अख्खं टेबल वाचत असते, किंवा मेमरी कमी पडल्यामुळे तीच पानं पुन्हापुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. इथे नवी डिस्क घेतली तर फक्त थोडी मुदत मिळते. इंडेक्समुळे गर्दीच हटते.

मागण्या नेहमीइतक्याच किंवा कमी, पण वेळ जास्त असेल, तर मात्र डिस्ककडे किंवा तिच्या वाटेकडे बघा. डिस्क बिघडत असेल. क्लाउडवर असाल तर कोटा तपासा. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या 'जीपी3' डिस्कला मूळ दरात सेकंदाला 3000 मागण्यांची मर्यादा आहे. ती गाठली की तुमच्या मागण्या थांबवून ठेवल्या जातात. डिस्क धडधाकट असते, फक्त तुमचा वाटा संपलेला असतो.

कारण कधीकधी अगदी अनपेक्षित निघतं. 2008 साली सन मायक्रोसिस्टम्समध्ये काम करणारे ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कांच्या रॅकजवळ जाऊन जोरात ओरडले, आणि त्याच क्षणी आलेखावर विलंबाची उसळी दिसली. आवाजाच्या कंपनांमुळे काही मागण्यांना फार वेळ लागला होता.

सरासरीवर विसंबू नका

ती उसळी दिसली, कारण त्यांच्या आलेखात मागण्या वेगानुसार वेगवेगळ्या दाखवल्या होत्या. नुसती सरासरी बरंच काही लपवते. समजा 99 वाचनं 1 मिलिसेकंदात झाली आणि एकाला 500 लागले. सरासरी येते 6 मिलिसेकंद, आणि आपण निश्चिंत होतो. पण वापरणाऱ्याचं एक पान उघडायला अशी 50 वाचनं लागत असतील, तर 100 पैकी सुमारे 40 पानं त्या अर्ध्या सेकंदात अडकतील. म्हणून सर्वात हळू 1 टक्का मागण्यांना किती वेळ लागतो, तेही नोंदवा.

घड्याळही पाहा. विलंब रोज रात्री ठरावीक वेळी येत असेल, तर बॅकअप तपासा. दर पाच मिनिटांनी येत असेल आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर चेकपॉइंटवर संशय घ्या. मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचं हे काम मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी होतं.

या सगळ्याला एक पूर्वतयारी मात्र लागते. सर्व्हर ठणठणीत असताना त्याचे आकडे लिहून ठेवलेले हवेत. 15 मिलिसेकंद हे हार्ड डिस्कसाठी नेहमीचं आहे, एसएसडीसाठी धोक्याची घंटा. तुमच्या सर्व्हरसाठी काय नेहमीचं, हे फक्त तुमच्याच नोंदी सांगू शकतात. म्हणून पहिलं मोजमाप तक्रार यायच्या आधीच, आजच घ्या.