कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे चिरंजीव, पुतणे किंवा भाचे अमेरिकेंत स्थायिक झालेले आहेत, त्यांची संख्या सांप्रत थोडी नाहीं. दर रविवारीं फोनवर जें संभाषण होतें, त्यांत प्रकृति, थंडीवारा व मुलांच्या शाळा यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक विषय येऊं लागला आहे. तो विजेच्या मोटारीचा. मागें उघडा हौदा असलेली मोठी पिकअप गाडी तिकडे लोकांना अत्यंत प्रिय आहे. शेतकरी व सुतार यांच्याइतकीच ती कचेरींत जाणाऱ्या गृहस्थालाहि हवी असते. २०२१ च्या अखेरीपासून ही गाडी विजेवर चालणाऱ्या रूपांत ग्राहकांच्या हातीं पडूं लागली, आणि "बॅटरी एकदां भरली म्हणजे ती किती मैल जाते?" हा प्रश्न घेणारा प्रत्येक जण प्रथम विचारूं लागला. विक्रेता एक आंकडा सांगतो. बहुधा तो सरकारी पद्धतीनें काढलेला असतो. तरीहि महामार्गावर तो खरा ठरत नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर प्रत्यक्षच आला. तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

बारशाचा प्रवास

दोन वर्षांपूर्वीं जानेवारींत आम्ही उभयतां नेब्रास्का राज्यांतील लिंकन शहरीं भाच्याकडे गेलों होतों. पश्चिमेस नॉर्थ प्लॅट गांवीं त्याच्या एका मराठी स्नेह्याकडे मुलीचें बारसें होतें. भाच्यानें नुकतीच विजेची पिकअप घेतली होती व तिच्या कांचेवरील चिठ्ठींत ३०० मैल असा पल्ला छापलेला होता. महामार्ग क्रमांक ८० वर मैलांचे अंक राज्याच्या पश्चिम सीमेपासून मोजलेले आहेत. लिंकनजवळ ४०१ चा अंक आणि नॉर्थ प्लॅटजवळ १७७ चा. म्हणजे अंतर २२४ मैलांचें, आपल्या हिशेबीं ३६० किलोमीटर. तीनशेंतून दोनशें चोवीस वजा केले तर शहात्तर मैल शिल्लक राहतात, हें गणित चौथीच्या मुलालाहि येईल. "मामा, वाटेंत थांबायचें कारणच नाहीं," असें भाचा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यांत आम्हांस तरी कांहीं वावगें दिसलें नाहीं.

पहाटे निघालों. बाहेर पारा उणें सात अंशांवर होता, पश्चिमेचा वारा समोरून येत होता, आणि ताशीं ७५ मैलांची कायदेशीर मर्यादा असल्यामुळें गाडी त्याच वेगानें चालली होती. ४८ मैलांवरील यॉर्क मागें पडलें तेव्हां बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला होता. भाच्यानें कांट्याकडे दोनदां पाहिलें, पण तो बोलला नाहीं. ग्रँड आयलंडचा फांटा आला तेव्हां शंभरांपैकीं चाळीसच भाग उरले होते. "पुढें कार्नीला भरूं," असें तो म्हणाला. कार्नी तेथून चाळीस मैल. शेवटच्या वीस मैलांत त्यानें वेग पंचावन्नावर आणला व गाडींतील ऊब बंद केली. मागें बसलेल्या दोन्ही मुलांना सौ.नें आपल्या शालींत गुंडाळून घेतलें. दोहों बाजूंस बर्फानें झांकलेलीं मक्याचीं शेतें, मैलोगणती घर दिसत नाहीं, आणि गाडींत कोणीहि बोलत नाहीं, अशीं तीं वीस मिनिटें आम्ही विसरणार नाहीं.

कार्नीला पोंचलों तेव्हां बॅटरींत सातवा हिस्सा उरला होता. थंडीमुळें भरावयास तासाभराहून अधिक वेळ लागला. नॉर्थ प्लॅटला गेलों तों मुलीच्या कानांत नांव सांगून झालें होतें, आणि पानें मात्र आमच्यासाठीं खोळंबलीं होतीं. रात्रीं भाच्यानें आम्हांस विचारलें, "मामा, गाडी खोटी कीं आंकडा खोटा?"

या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, दोन्ही खोटीं नाहींत. आम्हीं प्रश्न एक विचारला होता आणि आंकडा दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर होता.

आंकडा कसा निघतो?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें ठरविलेल्या पद्धतींत मोटार रस्त्यावर धांवत नाहीं. ती बंद दालनांत रुळांवर उभी करतात. चाकें फिरतात, गाडी जागच्या जागीं राहते. एक फेरी शहरांतील थांबत-थांबत जाण्याची, दुसरी महामार्गाची. परंतु या महामार्गाच्या फेरींतील सरासरी वेग ताशीं ४८ मैलांचा असून कमाल वेग ६० च्या आसपास थांबतो. मिळालेल्या मैलांना सामान्यतः ०.७ नें गुणून ते कमी करतात, म्हणजे थंडी, उन्हाळा व घाई यांची कांहीं भरपाई व्हावी. कांहीं कारखानदार जादा चांचण्या घेऊन हा गुणक स्वतःच्या गाडीसाठीं निराळा काढतात. शेवटीं शहराचे ५५ भाग व महामार्गाचे ४५ भाग धरून एकच अंक चिठ्ठीवर येतो. त्या अंकांत लबाडी नाहीं. तो वर्षभराच्या मिश्र वापराचा अंक आहे. जानेवारींत, समोरच्या वाऱ्यांत, सतत ७५ च्या वेगानें जाणाऱ्या कुटुंबाचा तो अंक नव्हे.

प्रत्यक्ष रस्त्यावर काय होतें हें 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकानें अनेक गाड्या ताशीं ७५ मैलांनीं चालवून पाहिलें आहे. ३०० मैलांची चिठ्ठी असलेली फोर्ड एफ-१५० लाइटनिंग त्या चांचणींत २३० मैल गेली, आणि ३१४ मैलांची रिव्हियन आर-वन-टी २२० मैल गेली. म्हणजे वारा व हिंवाळा हिशेबांत येण्यापूर्वींच पल्ल्याचा जवळजवळ चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग नाहींसा झाला.

हवेचें कर्ज

हा भाग कोठें गेला? तो हवेनें घेतला. वेग वाढला कीं हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. साठाचे पंचाहत्तर मैल केले तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. आणि प्रत्येक मैलास लागणारी शक्ति त्याच मानानें वाढते. त्यांत समोरून ताशीं पंधरा मैलांचा वारा असेल तर गाडीला तो रस्ता नव्वदाच्या वेगाचा वाटतो. नव्वदाच्या वाऱ्याचा विरोध साठाच्या सव्वादोनपट असतो. पिकअपची बांधणीहि हवेला अनुकूल नाहीं: पुढचें तोंड उंच व रुंद, आणि मागच्या उघड्या हौद्यावर हवेचे भोवरे. लहान मोटार हवेंतून सुईप्रमाणें जाते असें धरलें, तर ही गाडी कपाट पुढें ढकलीत नेल्याप्रमाणें जाते.

याचीच उलट बाजूहि सिद्ध झालेली आहे. २०२५ सालीं जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनीं शेव्हरोले सिल्व्हरॅडो ही विजेची पिकअप एका भरणीवर १,०५९ मैल चालवून दाखविली. जाहीर पल्ला ४९३ मैलांचा असलेली ती गाडी दुपटीहून अधिक कशी गेली? त्यांनीं वेग ताशीं २० ते २५ मैल ठेविला, टायरांत कमाल हवा भरली, हौद्यावर झांकण घातलें आणि वातानुकूलन बंद ठेविलें. बॅटरी तीच होती; हवेचें कर्ज तेवढें त्यांनीं काढलें नाहीं.

पेट्रोलच्या गाडीला हें कर्ज कां जाणवत नाहीं, असें कोणी विचारील. तिलाहि तें द्यावेंच लागतें, पण तिची थैली मोठी असते. फोर्डच्या त्या गाडींतील मोठी बॅटरी १३१ युनिटांची आहे. मध्यम घराला महिनाभर पुरावी इतकी ही वीज! तरीहि अमेरिकन सरकारी हिशेबाप्रमाणें एक गॅलन पेट्रोल ३३.७ युनिटांबरोबर असल्यामुळें ही सर्व वीज चार गॅलनांहूनहि, म्हणजे पंधरा लिटरांहूनहि, थोडी कमीच भरते. त्याच जातीच्या पेट्रोलच्या पिकअपला ३६ गॅलनांची टांकीहि मिळते. पेट्रोलच्या एंजिनांत चार भागांपैकीं सुमारें तीन भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातात. विजेची गाडी फारच थोडें वायां घालविते, म्हणूनच एवढ्याशा शिदोरीवर ती इतकी लांब जाते. उधळ्या गृहस्थाच्या घरीं चार पाहुणे अधिक आले तर खर्चांत फरक दिसत नाहीं. काटकसरीच्या घरीं मात्र तो त्याच दिवशीं वहींत उमटतो. वारा, थंडी, चढ हे असे पाहुणे आहेत.

थंडीचीहि गोष्ट हीच. पेट्रोलची गाडी वायां जाणाऱ्या उष्णतेवरच आंतील माणसांना ऊब देते. विजेच्या गाडीला ती बॅटरींतून विकत घ्यावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननें २०१९ सालीं पांच विजेच्या मोटारी तपासल्या, तेव्हां उणें सात अंशांच्या सुमारास ऊब चालूं ठेविली असतां पल्ला सरासरीनें ४१ टक्के घटला. महामार्गावर तासाला मैल अधिक पडत असल्यामुळें उबेचा मैलागणिक खर्च कमी येतो, तथापि तो येतोच.

मागें डबा जोडला म्हणजे

पिकअप घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांना तिच्यामागें नौका किंवा राहण्याचा फिरता डबा जोडून न्यावयाचा असतो. २०२२ सालीं 'मोटर ट्रेंड' मासिकानें ३०० मैलांच्या चिठ्ठीच्या लाइटनिंगला तीन निरनिराळे डबे जोडून पाहिले. ३,१४० पौंडांचा डबा घेऊन ती ११५ मैल गेली आणि ७,२१८ पौंडांचा घेऊन ९० मैल. वजन दुपटीहून अधिक झालें, पण पल्ल्यांत पंचवीसच मैलांचा फरक पडला! यावरून सपाट रस्त्यावर खरा शत्रु वजन नसून डब्याचें हवेला अडणारें तोंड आहे हें स्पष्ट होतें. शिवाय पुष्कळशा विद्युत्भरण-केंद्रांत गाडी उभी करण्याची जागा आंखूड असते. तेव्हां वाटेंत डबा सोडावा, वीज भरावी व पुन्हां डबा जोडावा, असा उपद्व्याप दर दीड तासानें करावा लागतो.

मोठी बॅटरी हा उपाय आहे काय?

बॅटरी मोठी करावी हा उपाय सर्वांनाच सुचतो. परंतु बॅटरी हें वजनदार व महाग ओझें आहे. जीएमसी हमर ही विजेची पिकअप नऊ हजार पौंडांहून अधिक भरते, आणि त्यांतील बॅटरीचेंच वजन सुमारें २,९०० पौंड आहे. पूर्वींची एखादी लहान मोटार मिरवीत न्यावी तसें हें झालें. २०१९ सालीं टेस्लानें सायबरट्रकची घोषणा केली तेव्हां पांचशें मैलांहून अधिक पल्ला सांगितला होता. २०२३ च्या अखेरीस गाडी आली, त्या वेळीं सर्वांत मोठा आंकडा ३४० मैलांचा होता. पल्ला वाढविण्यासाठीं हौद्यांत बसवावयाची जोडबॅटरी पुढें २०२५ सालीं रद्द झाली. रॅम कंपनीनें आपली निव्वळ विजेची पिकअप सप्टेंबर २०२५ मध्यें बाजारांत आणण्यापूर्वींच सोडून दिली. फोर्डनें डिसेंबर २०२५ मध्यें निव्वळ विजेची लाइटनिंग थांबवून पुढची गाडी सोबत पेट्रोलचें जनित्र वाहणारी करण्याचें जाहीर केलें. किंमत, मागणी व सरकारी धोरण हीं कारणें त्यांत होतींच. परंतु लांबच्या प्रवासाची धास्ती हेंहि त्यांतील एक होतें.

असें असलें तरी ही गाडी निरुपयोगी आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. जो गृहस्थ रोज तीसचाळीस मैल जाऊन रात्रीं घरीं येतो, त्याला पल्ल्याची चिंताच नाहीं. रात्रीं वीज जोडावी, सकाळीं भरलेली गाडी घ्यावी. चूक होते ती लांबच्या प्रवासांत, आणि ती टाळण्यास साधा हिशेब पुरे. चिठ्ठीवरील आंकड्याचे तीन चतुर्थांश हा महामार्गाचा पल्ला समजावा. कडक हिंवाळा व समोरचा वारा असल्यास निम्मा. मागें उंच डबा असल्यास तिसरा हिस्सा. पुढें आणखी एक वजाबाकी आहे. शेंकडा ८० नंतर बॅटरी फार सावकाश भरते व १० च्या खालीं कोणी शहाणा जात नाहीं. म्हणून पहिला टप्पा सोडल्यास दोन मुक्कामांमध्यें पल्ल्याचे सातदशांशच हातीं असतात. ३०० मैलांची गाडी उत्तम हवेंतहि अशा रीतीनें सुमारें १६० मैलांनीं थांबते. घरांत लहान मुलें व वृद्ध मंडळी असल्यास तितक्या अंतरावर थांबणें तसेंहि बरेंच असतें.

शेवटीं परतीची हकीकत सांगितली पाहिजे. स्नेह्याच्या घरीं रात्रभर गाडी वीज पीत होती. दुसऱ्या दिवशीं तीच गाडी, तींच माणसें, तोच वेग व तेच २२४ मैल. परंतु वारा पाठीशीं होता आणि रस्ता उताराचा. वाटेंत कोठेंहि वीज न भरतां आम्ही लिंकनला पोंचलों, आणि बॅटरींत अद्यापि सातवा हिस्सा शिल्लक होता. काल कार्नीला होता तेवढाच. एका दिवसाच्या अंतरानें त्याच गाडीचे दोन पल्ले आम्हीं पाहिले, आणि चिठ्ठीवर छापलेला अंक दोहोंपैकीं एकाचाहि नव्हता.

हल्लीं भाच्याचा फोन येतो तेव्हां सौ. त्याला प्रकृति विचारते, मुलांच्या परीक्षा विचारते, आणि तो कोठें बाहेरगांवीं निघाला आहे असें कळलें म्हणजे न चुकतां विचारते, "वारा कोणीकडचा आहे रे आज?"