आशाताई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावात कोणाला दिवस गेले, कोणाच्या घरी खोकला हटत नाही, कोणतं बाळ दूध ओढत नाही, हे आशाताईला सगळ्यात आधी कळतं. तरी तिच्या कामाबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक असतं.

गैरसमज १: आशा सरकारी नोकरीत आहे, तिला पगार मिळतो.
वस्तुस्थिती: २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, तीही त्याच गावची. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही. ठरावीक मासिक मानधन आणि बाकी कामागणिक मोबदला मिळतो. नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. रात्री दोनला कळा सुरू झाल्या म्हणून १०२ची गाडी बोलावून ती बाईसोबत दवाखान्यात गेली, तर त्या जागरणाचा वेगळा हिशेब कुठेच होत नाही.

गैरसमज २: आशा, अंगणवाडी सेविका, नर्सबाई, सगळ्या एकच.
वस्तुस्थिती: अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची, पूरक आहार आणि शाळेआधीचं शिक्षण हे तिचं मुख्य काम. नर्सबाई म्हणजे एएनएम, ही प्रशिक्षित परिचारिका. उपकेंद्रात ती लस टोचते, तपासण्या करते. आशा घर आणि दवाखाना यांना जोडते. बाळंतपण करणं तिचं काम नाही. बाईला वेळेत दवाखान्यात पोचवणं हे आहे.

गैरसमज ३: ती फक्त लसीकरणाचा निरोप देते आणि रजिस्टर भरते.
वस्तुस्थिती: दवाखान्यात बाळंतपण झालं, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती घरी येते. घरी झालं, तर पहिल्या दिवशीही. हात धुते, बाळाला झोळीत ठेवून वजन करते, ताप पाहते. मग अंगावरचं दुपटं बाजूला करून, नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर ती पुन्हा मोजते. तरीही तेवढेच आले, तर तो धोका आहे. बाळाला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. याशिवाय क्षयरुग्णाच्या गोळ्या चुकू न देणं, हेही तिच्याकडेच.

गैरसमज ४: जेमतेम शिकलेली बाई आजार काय ओळखणार?
वस्तुस्थिती: याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकात निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. आशाताईंच्या गृहभेटी याच कामातून उभ्या राहिल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला.

गौरव झाला, पण ज्या कामावर बाळाचा जीव अवलंबून आहे, त्याला ‘स्वयंसेवा’ म्हणणं न्याय्य नाही. नियमित वेतन हा आशाताईंचा हक्क आहे. तो मिळेल तेव्हा मिळेल. आपल्या हातातलं मात्र आजच करता येतं. ती दारात आली की ‘सगळं बरं आहे’ म्हणून तिला परत पाठवू नका. तिला आत बोलवा, बाळाचं दुपटं सोडा आणि ते एक मिनिट तिला शांतपणे मोजू द्या.