कडधान्ये बाधू नयेत म्हणून

उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मग घरोघर चवळी, मटकी, पावटा, राजमा शिजू लागतो. पण पोट फुगते म्हणून वडीलधारी मंडळी उसळीची वाटी बाजूला सारतात आणि भात-लोणच्यावर भागवतात. मांस नाही, उसळही नाही, मग शरीराला प्रथिने मिळावीत कोठून? कडधान्य सोडण्यापेक्षा ते नीट शिजविण्याची रीत आपण पाहू या.

कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या पचविणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतो. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जंतू त्या आंबवितात आणि वायू धरतो. मात्र या शर्करा पाण्यात विरघळतात. त्याचाच आपण फायदा घ्यायचा.

१. कडधान्य भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजवावे. ते पाणी फेकून द्यावे व ताज्या पाण्यात शिजवावे.

२. मटकी, मूग, वाल यांना मोड आणावेत. मोड येताना या शर्करा बऱ्याच कमी होतात. वालाची साले काढून बिरडे केल्यास ते आणखी हलके होते.

३. दाणा बोटाने सहज चेपला जाईपर्यंत शिजवावा. चिंच, कोकम किंवा टोमॅटो आधी घातल्यास दाणा लवकर मऊ होत नाही, म्हणून आंबट शेवटी घालावे.

४. खाण्याचा सोडा घातल्याने दाणा लवकर शिजतो, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. शक्यतो टाळावा.

राजम्याबाबत विशेष सावध राहावे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात विषारी द्रव्य असते. थोडे दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोराच्या उलट्या व जुलाब होतात. मंद आचेवर ते जात नाही. भिजविलेला राजमा ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. मोड आलेला राजमाही कच्चा खाऊ नये.

शेतकरी बांधवांनी एक लक्षात ठेवावे. उष्ण व दमट जागी साठविलेला दाणा कडक होतो आणि कितीही शिजविला तरी मऊ होत नाही. माल चांगला वाळवून थंड, कोरड्या जागी ठेवावा आणि घरच्या खाण्यासाठी जुना दाणा आधी संपवावा.

ज्यांना सवय नाही त्यांनी मुगापासून, अर्ध्या वाटीने सुरुवात करावी व दर आठवड्याला थोडे वाढवावे. हळूहळू पोटाला सवय होते. एवढे करूनही पोटदुखी राहिली, वजन घटू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर दोष उसळीला न देता डॉक्टरांना दाखवावे.