एल्बकाठचा गांधार

श्टाडे गावच्या सेंट कॉस्मे चर्चमध्ये पहिला सूर वाजला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अरुंद लाकडी जिन्याने चढून आम्ही पंधराजण ऑर्गनच्या माडीवर दाटीवाटीने उभे होतो. गटातल्या अनुभवी वादकाने एकच खुंटी ओढली, डाव्या हाताने षड्ज धरला, उजव्याने त्यावर गांधार आणि पंचम ठेवले आणि तो तसाच थांबला. पंधरा-वीस सेकंद ते तीन सूर जराही न हलता उभे होते. घरी पेटीवर हेच तीन सूर एकत्र धरले तर त्यांत एक बारीक थरथर ऐकू येते, आणि कान तयार असेल तर ती टोचत राहते. इथे ती जवळजवळ नव्हतीच. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो गांधार आपसूक उमटतो, तोच गांधार १६७५ साली पूर्ण झालेल्या या जर्मन वाद्यातून येत होता.

सहल एका दिवसाची होती. हॅम्बुर्गहून लोकल गाडीने तासाभरात श्टाडे गाठायचं आणि तिथून एल्ब नदीच्या डाव्या तीराने, ‘आल्टेस लांड’ नावाच्या सफरचंद-चेरीच्या बागांच्या मुलखातून गावोगावची चर्चं पाहत संध्याकाळी परत हॅम्बुर्गला यायचं. एका चर्चमध्ये दीड तास. आधी ऐकायचं, मग आत डोकावून पाहायचं आणि मग ज्याला वाजवता येतं त्याने दहा मिनिटं वाजवायचं. गटात चर्चमधले वादक होते, विद्यार्थी होते, एक निवृत्त सुतार होता आणि मी, लहानपणापासून पेटी वाजवणारा.

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातली पायपेटी येते. तिच्यात आणि आपल्या हातपेटीत सूर देते ती पितळेची पत्ती, म्हणजे रीड. चर्चचा मोठा ऑर्गन मूळचा बासरीच्या कुळातला. त्याच्या बहुतेक नळ्यांत हलणारं काहीही नसतं. नळीच्या तोंडातून हवेचा पातळ पडदा बाहेर येतो, समोरच्या धारदार ओठावर आपटतो, कधी आत तर कधी बाहेर झुकतो, आणि नळीतल्या हवेचा स्तंभ त्याला आपल्या तालावर झुलवतो. तो ताल नळीच्या लांबीवर ठरतो. दोन्ही टोकांनी उघडी, आठ फूट लांबीची नळी सेकंदाला सुमारे ६५ ते ७० कंपनं देते. लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो. वरचं टोक बंद केलं तर तेवढ्याच लांबीत सूर एक सप्तक खाली उतरतो, पण मग तीन, पाच, सात अशी विषम पटीतली उपस्वरांची रांगच तेवढी ठळक उरते आणि आवाज पोकळ, मऊ होतो. जागा आणि धातू वाचवायला जुन्या कारागिरांनी ही युक्ती भरपूर वापरली.

प्रत्येक खुंटी म्हणजे नळ्यांची एक पूर्ण रांग, एका जातीच्या आवाजाची. सेंट कॉस्मेच्या ऑर्गनमध्ये अशा ४२ रांगा आहेत, हातांसाठी पट्ट्यांच्या तीन ओळी आणि पायांसाठी वेगळी ओळ. यातल्या काही रांगा एकट्या वाजवल्या तर चुकीच्या वाटतात. षड्जाची पट्टी दाबावी आणि वरच्या सप्तकातला पंचम ऐकू यावा, असं होतं. ही रांग मूळ सुराच्या तिप्पट कंपनं देते. दुसरी एक पाचपट देते, म्हणजे गांधार. या रांगा मूळ सुरात मिसळल्या की कानाला वेगळे सूर ऐकू येत नाहीत. एकच, पण उजळलेला सूर ऐकू येतो. तानपुऱ्याची जवारी लावताना आपण तारेतले उपस्वर बाहेर काढतो. ऑर्गनचा कारागीर तेच उपस्वर एकेका नळीने वरून घालतो. आवाजाची जातकुळी उपस्वरांच्या प्रमाणावर ठरते, हे हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी मांडलं. ते कारागिरांच्या हातांना शेकडो वर्षं आधीच ठाऊक होतं.

श्टाइनकिर्शेनच्या चर्चमध्ये माझी पाळी आली. १६८७ सालचा हा ऑर्गन आर्प श्निट्गर या कारागिराने बांधला. २८ रांगांचा, गावच्या मानाने भक्कम. या दलदलीच्या सुपीक जमिनीतले शेतकरी पैसेवाले होते आणि शेजारच्या गावात ऑर्गन आला की आपल्याकडेही हवा, अशी त्यांची ईर्षा होती. पट्टीवर बोट ठेवलं आणि जाणवलं, ती आधी अडते. थोडा जोर लावला की एकदम सुटते. पट्टीपासून हवापेटीच्या झडपेपर्यंत लाकडाच्या पातळ पट्ट्यांची आणि तरफांची सरळ साखळी आहे. झडप आतल्या हवेच्या दाबाने बंद राहते. बोट तो दाब फोडतं, म्हणून ती अडखळ. विजेच्या बटणात हे कधीच कळायचं नाही. गंमत म्हणजे हा दाब फार नसतो. अशा ऑर्गनांत तो पाण्याच्या ७०-८० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यावर अख्खं चर्च भरतं. आता हवा विजेच्या पंख्याने येते. पूर्वी भाते तुडवायला माणसं लागत, आणि त्यांच्या पायांत लय नसेल तर सूर हलत असे. पेटीचा भाता ज्याने मारला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

मी यमनचे चार सूर वाजवले. मींड नाही, कण नाही. पण गांधारावर थांबलो तेव्हा उठावंसं वाटेना.

त्या गांधाराचं गणित सोपं आहे. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्यातला गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. आजच्या पियानोत आणि बाजारातल्या साध्या पेटीत सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात, त्यामुळे गांधार ३०२.४ वर जातो. फरक दिसायला किरकोळ. पण षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० आणि या गांधाराचा चौथा उपस्वर १२०९.५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. हीच ती थरथर.

मग सगळेच सूर निखळ का लावत नाहीत? कारण ते एकमेकांत बसत नाहीत. षड्ज-पंचम भावाने चार पायऱ्या चढून जो गांधार मिळतो तो सव्वापटीच्या गांधारापेक्षा ८१/८० पटीने चढा येतो. भारतीय संगीतशास्त्रात या अंतराला प्रमाणश्रुती हे नाव आहे, आणि युरोपातल्या कारागिरांचं सगळं डोकं याच अंतरावर खर्ची पडलं. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यांनी एक तोडगा वापरला. प्रत्येक पंचम प्रमाणश्रुतीच्या चौथ्या हिश्शाने उतरवायचा. चार पंचमांत मिळून ती श्रुती संपते आणि गांधार निखळ येतो. किंमत अशी की उरलेली सगळी चूक वर्तुळाच्या शेवटच्या एका पंचमात साचते, आणि तो इतका किंचाळतो की त्याचं नावच लांडगा पडलं. हा लांडगा टाळायला काही जुन्या ऑर्गनांत काळी पट्टी मधोमध चिरून पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागाला दोन वेगळे सूर दिलेले असत. सेंट कॉस्मेचा ऑर्गन पंचम उतरवण्याच्या याच पद्धतीच्या थोड्या सौम्य रूपात लावलेला आहे.

हे ऐकताना आपल्याकडचा वाद आठवल्याशिवाय राहत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते सुमारे तीस वर्षं बंद राहिलं. आक्षेप दोन होते, मींड निघत नाही आणि सूर बेसूर आहेत. दुसऱ्या आक्षेपावर महाराष्ट्रातल्या पेटीवाल्यांनी हाताने उत्तर दिलं. एक पट्टी ठरवून तिच्यासाठी गांधार ट्यूनिंग करून घ्यायचं, ही रीत आजही चालू आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी तर २२ श्रुतींची पेटीच घडवली. चिरलेल्या काळ्या पट्टीच्या मागचा प्रश्न आणि त्यांच्या पेटीमागचा प्रश्न एकच आहे. माझ्या मते निखळ गांधार सोडून बारा समान तुकडे पत्करणं हा युरोपीय संगीताने केलेला महागडा सौदा होता. त्यातून कुठल्याही पट्टीत वाजवण्याची मोकळीक मिळाली हे खरं, पण काय गमावलं ते कळायला श्टाडेला यावं लागतं.

दुपारी नॉयनफेल्डे. हे श्निट्गरचं स्वतःचं गाव म्हणावं लागेल. जन्म १६४८चा. श्टाडेचा ऑर्गन उभा राहत असताना तो बेरेंट हुस या आपल्या नातलगाच्या हाताखाली शिकत होता. नॉयनफेल्डेच्या सेंट पांक्राटियस चर्चमध्ये त्याने १६८८ साली ३४ रांगांचा ऑर्गन बांधला, इथे त्याचं घर होतं, चर्चमध्ये बसायची राखीव जागा होती, आणि १७१९ साली त्याला याच चर्चमध्ये पुरलं. नवे आणि दुरुस्त केलेले मिळून सुमारे १७० ऑर्गन त्याच्या नावावर आहेत. त्यातला एक पोर्तुगालमार्गे ब्राझीलच्या मारियाना शहरात पोहोचला आणि तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे. रंगवलेल्या लाकडी छताखाली नॉयनफेल्डेचा ऑर्गन पुन्हा वाजू लागला तो २०१७ साली, मोठ्या दुरुस्तीनंतर. त्याच वर्षी जर्मनीतली ऑर्गन बांधण्याची कला आणि तिचं संगीत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

इथे आम्हाला ऑर्गनच्या लाकडी कपाटाच्या आत डोकावू दिलं. पेन्सिलीएवढ्या नळ्यांपासून माणसाहून उंच नळ्यांपर्यंत एक दाट रानच. समोर दिसणाऱ्या नळ्या बहुधा कथिलाच्या, चकचकीत. आतल्या बऱ्याचशा शिश्याचं प्रमाण जास्त असलेल्या, राखाडी. दोन्ही धातूंवर संकटं आली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन लष्कराने कथिलासाठी देशभरातल्या चर्चमधून दर्शनी नळ्या उतरवून नेल्या. शिश्याचा शत्रू मात्र ऑर्गनच्या पोटातच आहे. ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. ती हवापेटीतून नळीच्या पायथ्याशी पोहोचते, शिश्याला खाते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून पांढरी भुकटी तयार होते. पूर्वी सफेदा नावाचा रंग करायला शिसं व्हिनेगरच्या वाफेत ठेवत. तीच क्रिया इथे नको तिथे घडते. ल्यूबेकच्या सेंट जाकोबी चर्चमधल्या श्टेलवागेन ऑर्गनच्या नळ्या अशा झिजू लागल्या, तेव्हा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला त्याचा सविस्तर अभ्यास झाला. गोथेनबर्गमध्येच श्निट्गरच्या धाटणीचा नवा ऑर्गन घडवताना नळ्यांचा पत्रा जुन्या रीतीने वाळूवर ओतला गेला, कारण धातू कसा थंड होतो यावर आवाज अवलंबून असतो, असं कारागिरांना आढळलं.

आमच्यातला सुतार बराच वेळ हवापेटीच्या सांध्यांवरून हात फिरवत होता. चर्चमध्ये हीटर आले आणि हिवाळ्यात लाकूड सुकून तडकू लागलं, असं त्याने सांगितलं. तापमानाचा सुरांशीही थेट संबंध आहे. हवा दहा अंशांनी गार झाली की आवाजाचा वेग घटतो आणि बासरीच्या जातीच्या सगळ्या नळ्या सुमारे पावणेदोन टक्के उतरतात. हे प्रमाणश्रुतीहूनही जास्त. त्या एकत्र उतरतात म्हणून आपसांत सुरात राहतात. ज्या थोड्या रांगांत पितळी जीभ असते त्या मात्र जवळपास जागच्या जागी राहतात, आणि वादकाला मैफिलीआधी त्या जुळवून घ्याव्या लागतात.

संध्याकाळी हॅम्बुर्गचं सेंट जाकोबी. १६९३ साली श्निट्गरने पूर्ण केलेला ६० रांगांचा, सुमारे ४००० नळ्यांचा ऑर्गन. १७२० साली बाखने इथल्या वादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती जागा चर्चला ४००० मार्क देणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. दुसऱ्या महायुद्धात नळ्या आणि हवापेट्या आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. चर्च आणि ऑर्गनचं बाहेरचं कोरीव लाकूड १९४४ साली जळालं. युर्गन आरेंट या कारागिराने १९९३ साली, बरोबर ३०० वर्षांनी, तो मूळ रूपात उभा केला. त्याचा धैवत, म्हणजे पाश्चात्त्य A, आजच्या ४४० ऐवजी सुमारे ४९५ कंपनांचा आहे, आजच्यापेक्षा एक अख्खा सूर चढा. ही पट्टी कुठल्याही कागदावर नव्हती. ती जुन्या नळ्यांच्या लांबीतून मोजून काढली. ३२ फुटी रांगेचा सर्वांत खालचा सूर वाजला तेव्हा तो कानाआधी बाकाच्या लाकडात आणि छातीत जाणवला.

कागदावर नसलेला सूर असा जुन्या वाद्यातच जपलेला असतो, म्हणून एक विनंती. आपल्याकडे जुन्या नाटक मंडळ्यांच्या सामानात, वाड्यांच्या माळ्यावर, काही चर्चमध्ये पायपेट्या आणि जर्मन रीडच्या हातपेट्या पडून आहेत. त्या भंगारात देऊ नका. कोरड्या जागी ठेवा, आठवड्यातून एकदा तरी भाता चालवा. आणि दुरुस्तीला देण्याआधी ट्यूनर ॲपवर प्रत्येक सुराची कंपनसंख्या मोजून वहीत लिहून ठेवा. रीड एकदा घासला की घासलेलं पितळ परत येत नाही, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कानाने लावलेला गांधार त्याच्याबरोबर जातो.